खिडकी, चहा आणि पाळी : महासाथीतलं गावचं आरोग्य केंद्र

1. तिथली माणसं टिकतात कशी?

करोनाच्या दिवसांत सातारा-सांगलीकडच्या गावांतून एक प्रश्न हमखास ऐकू यायचा. ‘पंचक्रोशीतलं तापाचं झाडून सगळं माणूस जिथं जातं, तिथले डॉक्टर, सिस्टर, शिपाई रोज आजारी कसे पडत नाहीत?’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असायचा, पण तो सहसा कुणी मोठ्यानं विचारत नसे. ‘मग मी तिथं गेलो तर तिथूनच दुखणं घेऊन येईन का?’

पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की, काही जण आजारी पडले. काही दगावलेही. पण बहुतेक जण दोन वर्षं रोज त्याच खोल्यांत बसून काम करत राहिले, आणि त्यामागं नशिबाचा भाग होता तितकाच, किंवा त्याहून जास्त, खोलीच्या मांडणीचा, वेळापत्रकाचा आणि एकमेकांशी वागण्याचा होता. या प्रकरणात ती मांडणी उलगडून पाहायची आहे.

आधी जागा ओळखून घेऊ. सरकारी हिशेबानं सपाट भागात साधारण 30,000 लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. पाटण, जावळी, महाबळेश्वर अशा डोंगरी मुलखात ते 20,000 लोकांमागं धरलेलं आहे. त्याखाली उपकेंद्रं, सपाटीवर 5,000 आणि डोंगरात 3,000 लोकांमागं एक. सगळ्यांत खाली, म्हणजे खरं तर सगळ्यांत पुढं, साधारण हजार लोकांमागं एक आशा स्वयंसेविका. केंद्रात एक किंवा दोन वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेविका, सेवक, सहायक, औषध निर्माता, प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ, कारकून, शिपाई आणि रुग्णवाहिकेचा चालक. सगळे मिळून एका वऱ्हाडाच्या गाडीत मावतील एवढेच लोक. त्यातले चार जण एकदम अंथरुणाला खिळले की केंद्राला कुलूप लागायची वेळ येते, आणि बाळंतपणं तर कुलपासाठी थांबत नाहीत.

ही परीक्षा या भागाला फार लवकर द्यावी लागली. 23 मार्च 2020 रोजी वाळवा तालुक्यातल्या तेव्हाच्या इस्लामपुरात, सौदी अरेबियाहून परतलेल्या एकाच कुटुंबातले चौघे बाधित निघाले. आठवडाभरात आकडा दोन डझनांच्या घरात गेला, आणि सांगली जिल्ह्याचं नाव राज्यभर बातम्यांत झळकू लागलं. बाधितांत बहुतेक जण त्या कुटुंबाचे नातलग आणि निकटचे लोक होते. मिरजेचं शासकीय रुग्णालय करोनासाठी राखून ठेवलं गेलं, शहर बंद झालं, आणि आशा, सेविका, सेवक घरोघर फिरून ‘ताप आहे का, खोकला आहे का, कुणाकडं जाणं-येणं झालं का’ विचारू लागले. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी परतले आणि ती साखळी तिथं तुटली. चौकशीतून जे हाती आलं ते साधं होतं. रस्त्यानं जाता-जाता कुणाला फारसं काही झालेलं नव्हतं. ज्यांनी बंद घरात एकत्र वेळ काढला, एका पंगतीला जेवण केलं, त्यांना झालं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती दवाखान्याच्या चहापाशी उपयोगी पडणार आहे.

2. शिंतोडे आणि खाट

रोग माणसातून माणसात जातो कसा, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात चला. कढईत तेल तापलंय, त्यात मोहरी आणि सुक्या मिरच्या पडल्या. दोन गोष्टी घडतात. तेलाचे शिंतोडे उडतात. ते हात-दोन हातांवर पडतात आणि संपतात. मागं सरकलं की त्यांच्यापासून सुटका. दुसरा तो खाट. तो दिसत नाही, पण ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या आजोबांनाही ठसका लागतो, आणि फोडणी होऊन गेल्यावरही खोलीत रेंगाळत राहतो. मागं सरकून खाट टळत नाही, खिडकीच उघडावी लागते.

माणूस खोकला, बोलला, नुसता श्वास सोडला तरी त्याच्या तोंडा-नाकातून हे दोन्ही बाहेर पडतं. मोठे थेंब शिंतोड्यांसारखे जवळच पडतात. अगदी बारीक कण खाटासारखे हवेत तरंगत राहतात. करोनाचा विषाणू दोन्हींवर स्वार होऊन जातो. महासाथीच्या सुरुवातीला मात्र सगळं लक्ष शिंतोड्यांवर होतं. मार्च 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तर हा रोग हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेकडं लक्ष वेधलं. संघटनेचा सूर बदलायला 2021 उजाडलं. तोवर आपण भाजीच्या पिशव्या धूत बसलो होतो आणि खिडक्या मात्र बंद होत्या.

खरं तर या भागाला ही गोष्ट नवी नव्हती. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं. पुढं मिरज-सांगली रस्त्यावर वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. पाचगणीतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं, ते आज रेडक्रॉसचं बेल एअर रुग्णालय म्हणून ओळखलं जातं. क्षयावर औषध यायला 1940 चं दशक उजाडायचं होतं. त्याआधीच्या डॉक्टरांच्या हातात विश्रांती, आहार आणि हवा एवढंच होतं. म्हणून त्या काळातल्या आरोग्यधामांना लांब व्हरांडे आणि मोठ्या खिडक्या असत, आणि रोग्यांच्या खाटा दिवसभर बाहेर काढलेल्या असत. नंतर औषधं आली, काँक्रीटच्या इमारती आल्या, खिडक्यांच्या जागी सरकत्या काचा आल्या. आणि हवेचं ते शहाणपण आपण विसरून गेलो.

3. खोलीची हवा किती वेळात बदलते?

‘हवा खेळती ठेवा’ असं सगळे सांगतात. किती खेळती, ते कुणी सांगत नाही. आपण मोजू या.

तपासणीची खोली 10 फूट लांब, 12 फूट रुंद आणि 10 फूट उंच धरा. 10 गुणिले 12 गुणिले 10, म्हणजे 1,200 घनफूट हवा. संसर्गजन्य रुग्णांच्या खोलीत तासाला 12 वेळा हवा बदलावी, असा मापदंड मानतात. म्हणजे तासाला 14,400 घनफूट, किंवा सुमारे 400 घनमीटर. हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा काढतो याचा आकडा बहुधा छापलेला असतो. जाळीत धूळ साठलेली असते, वारा उलटा असतो, म्हणून हिशेबाच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. एवढंच गणित आहे, आणि पंखा काही फार महाग नसतो.

इथं एक गफलत हटकून होते. तासाला 12 वेळा, म्हणजे दर 5 मिनिटांनी सगळी हवा नवी, असं वाटतं. तसं होत नाही, कारण ताजी हवा आत येऊन जुन्यात मिसळते आणि मिसळलेलीच बाहेर जाते. एका बदलात साधारण 63 टक्के जुनी हवा निघते, उरलेल्यातली 63 टक्के पुढच्या बदलात, असं चालतं. म्हणून खोकणारा रुग्ण उठून गेल्यावर हवेतले 99 टक्के कण निघून जायला 12 बदलांच्या खोलीत सुमारे 23 मिनिटं लागतात. 6 बदल असतील तर 46 मिनिटं. खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत तासाला दोनच बदल होत असतील तर सव्वादोन तासांहून जास्त. तेवढ्या वेळात त्या खुर्चीवर आणखी वीस माणसं बसून गेलेली असतात.

पंखा कुठं लावायचा, यालाही महत्त्व आहे. ताजी हवा आधी डॉक्टरांच्या पाठीमागून यावी, त्यांच्यावरून रुग्णाकडं जावी आणि रुग्णाच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडावी. बऱ्याच जुन्या इमारतींत टेबल नेमकं उलटं मांडलेलं असतं, कारण साहेबांची खुर्ची दाराकडं तोंड करून हवी. टेबल फिरवायला पैसे लागत नाहीत, तरी ते शेवटी फिरतं. साधा छताचा पंखा आतलीच हवा आत घुसळतो. घरातल्यासारखा एसीही तेच करतो, वर खिडक्या बंद करायला लावतो.

नाकातला नमुना घेताना माणूस शिंकतो, खोकतो. म्हणून ते काम बंद खोलीत करणं सगळ्यांत वाईट. अनेक केंद्रांनी ते अंगणात, पत्र्याच्या शेडखाली आणलं. तिथला रिवाज पाहण्यासारखा होता. तंत्रज्ञ आधी बाहेर येऊन वाऱ्याची दिशा बघायचा, मग खुर्ची वळवायचा. वारा त्याच्या पाठीकडून रुग्णाकडं गेला पाहिजे. दुपारी वारा फिरला की खुर्चीही फिरायची. खटाव-माणच्या उघड्या माळावर आपसूक जितके हवेचे बदल होतात, तितके कुठल्याही यंत्रानं होत नाहीत.

4. दोनशेत एक

आता थोडं शक्यतेचं गणित. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.

समजा, केंद्रात काहीच काळजी न घेता बसणाऱ्या सिस्टरला एका दिवसात लागण व्हायची शक्यता दोनशेत एक आहे. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण महासाथ एका दिवसाची नसते. शंभर दिवसांनंतर तिला कधीतरी लागण झालेली असण्याची शक्यता 39 टक्क्यांवर जाते. म्हणजे दहा जणांच्या केंद्रात चौघं.

आता तिनं नीट बसणारा मास्क लावला आणि धोका निम्मा झाला असं धरा. खिडकी-पंख्यानं उरलेला पुन्हा निम्मा झाला. तापाच्या रुग्णांची रांग बाहेर वेगळी केल्यानं आणखी निम्मा झाला. यातला एकही उपाय एकट्यानं फार मोठा नाही. पण निम्म्याच्या निम्म्याचा निम्मा म्हणजे आठवा हिस्सा, आणि दोनशेत एकचं सोळाशेत एक झालं. शंभर दिवसांनंतर 39 च्या जागी 6 टक्के. उपायांचा गुणाकार होतो. म्हणून एखादा उपाय अर्धवट असला तरी तो टाकून द्यायचा नसतो.

उलटी बाजूही बघा. एन-95 मास्क बारीक कणांपैकी निदान 95 टक्के अडवतो म्हणून त्याला ते नाव आहे. पण तो गालाला घट्ट बसला तर. दाढीवर बसत नाही, हनुवटीखाली ओढला तर काहीच अडवत नाही. पीपीई किट घालताना फारसा धोका नसतो, काढताना असतो, कारण बाहेरचा भाग मळलेला असतो आणि माणूस घामानं आणि भुकेनं बेजार झालेला असतो. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी हातमोजे, मग झगा, हात निर्जंतुक करून चष्मा, आणि मास्क सगळ्यांत शेवटी, बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर. जतच्या एप्रिलमधल्या उन्हात किट घालून चार तास काढलेल्या माणसाला हा क्रम आठवेलच असं नाही. म्हणून समोर दुसऱ्यानं उभं राहून पायरीपायरीनं सांगायचं, ‘थांब, आधी हात.’ विश्रांतीचा आणि सुरक्षेचा संबंध इथं जुळतो. दमलेला माणूस चुका करतो, आणि इथं चूक म्हणजे लागण. पुढची पाळी वेळेवर आली पाहिजे, हे मास्कइतकंच महत्त्वाचं आहे.

5. टीसीएलची पिशवी

हा भाग थोडक्यात, कारण याचा गाजावाजा गरजेपेक्षा जास्त झाला. विहिरीत आणि पाण्याच्या टाकीत टाकायची टीसीएल पावडर प्रत्येक ग्रामपंचायतीला ठाऊक आहे. तिच्यात ताजी असताना साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. फरशी, दाराच्या कड्या, संडास पुसायला 1 टक्क्याचं द्रावण लागतं, म्हणजे लिटरमागं 10 ग्रॅम क्लोरीन. हिशेब सोपा आहे. एका लिटर पाण्यात 30 ग्रॅम पावडर. पण पिशवी तोंड उघडून कोपऱ्यात ठेवली की क्लोरीन उडून जातो आणि मागं नुसता चुना उरतो. द्रावण रोजचं रोज करायचं. संडासासाठीच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधी मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो.

आणि माणसांवर फवारायचं नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये गावोगाव बाजाराच्या तोंडाशी फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले होते. खाली मान घालून त्यातून जाताना लोकांना शुद्ध झाल्यासारखं वाटायचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं त्याच महिन्यात सांगितलं की यानं डोळे-त्वचा जळते आणि शरीरातला विषाणू काही मरत नाही. तरी काही बोगदे पावसाळ्यापर्यंत टिकले.

6. चहाची वेळ

आरोग्य केंद्रात सगळ्यांत धोक्याची जागा कुठली, असं विचारलं तर लोक तापाची ओपीडी दाखवतात. मी मागची ती लहान खोली दाखवेन, जिथं स्टोव्ह, साखरेचा डबा आणि तीन खुर्च्या असतात.

रुग्णासमोर प्रत्येक जण सावध असतो. मास्क, हातमोजे, अंतर, सगळं. साडेअकराला गर्दी ओसरते. सहा जण मागच्या खोलीत शिरतात, दार लोटून घेतात आणि तोंडावरचा मास्क खाली येतो, कारण मास्क लावून चहा पिता येत नाही. मग वीस मिनिटं गप्पा, हसणं, डब्यातली भाकरी-ठेचा एकमेकांना देणं. रुग्णाशी दोन मिनिटांचं बोलणं आणि आपल्या माणसांत बिनमास्कची वीस मिनिटं, यात जास्त धोका कशात, हे इस्लामपूरच्या पंगतीनं शिकवलेलं होतं. मास्कशिवाय एकत्र जेवण्याच्या जागांतूनही आरोग्य कर्मचाऱ्यांत एकमेकांना लागण होते, हे जगभरात रुग्णालयांत पुन्हा-पुन्हा दिसलं.

मग चहा बंद करायचा का? पहिल्या लाटेत काही ठिकाणी खरंच तसा हुकूम निघाला. माझ्या मते तो मूर्खपणा होता. दिवसभरात ती वीस मिनिटंच अशी असतात जेव्हा शिपाई आणि डॉक्टर एकाच विषयावर हसतात. ती काढून घेतली तर माणसं चोरून, आणखी कोंदट जागी चहा पितील. ज्यांनी डोकं चालवलं त्यांनी चहा बाहेर आणला. इमारतीमागच्या कडुनिंबाखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, तिघं-तिघं, चांगलं अंतर सोडून. कपावर नाव लिहिलेली पट्टी. बोलताना मास्क वर, घोट घेताना खाली. हे नाटक पहिले चार दिवस हास्यास्पद वाटतं, नंतर अंगवळणी पडतं. पाऊस आला तर पोर्चमध्ये, जिथं रुग्णवाहिका उभी असते.

‘केंद्र सुरक्षित ठेवायचं आणि आनंदी ठेवायचं’ ही दोन वेगळी कामं आहेत असं वरच्या कार्यालयांतून येणारी पत्रकं वाचून वाटतं. एकासाठी सॅनिटायझरचा निधी, दुसऱ्यासाठी योगाचं शिबिर. कट्ट्यावरच्या त्या चहात दोन्ही कामं एका फटक्यात होतात.

7. दोन पाळ्या आणि एकच तक्ता

दहा जणांचं केंद्र घ्या. सगळे रोज एकत्र बसले आणि एक बाधित निघाला, तर त्या काळच्या नियमानं उरलेले नऊ निकट संपर्कातले म्हणून 14 दिवस घरी. केंद्र बंद. त्याऐवजी पाच-पाचच्या दोन तुकड्या केल्या, त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत, निरोप फोनवर आणि नोंदवहीतून दिला, तर एक बाधित झाल्यावर पाच घरी जातात आणि पाच कामावर राहतात. दोन वैद्यकीय अधिकारी असलेल्या केंद्रात हे जमतं. एकच अधिकारी असेल तर शेजारच्या केंद्राशी जोडी लावावी लागते, आणि ती साथ येण्याआधी लावलेली बरी.

किंमत उघड आहे. निम्म्या माणसांवर सगळं काम. म्हणून तुकड्या पाडताना आधी काय सोडायचं हे ठरवावं लागतं. लसीकरण आणि बाळंतपणं सोडता येत नाहीत, क्षयाच्या गोळ्या थांबवता येत नाहीत. सोडण्यासारखे असतात ते कागद. एकच माहिती सकाळी एका तक्त्यात, दुपारी दुसऱ्या तक्त्यात, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून आणि रात्री नव्यानं आलेल्या नमुन्यात. डेटा भरणाऱ्या एखाद्या मुलाचा दिवस यात कसा जातो ते जवळून बघायला हवं. हातात हातमोजा, त्यामुळं मोबाइलचा पडदा बोटाला दाद देत नाही. हातमोजा काढला की सॅनिटायझर, मग पुन्हा हातमोजा. तोवर फोन वाजतो, ‘तुमचा आकडा अजून आला नाही.’ तालुका कार्यालयानं एकच तक्ता आणि एकच वेळ ठरवून दिली, तर कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा जास्त चेहरे उजळतात.

सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली तेव्हा तिघांच्या पथकानं दिवसाला 50 घरं करायची होती, तापमापी आणि ऑक्सिमीटर घेऊन. 50 घरं म्हणजे घरामागं 6 मिनिटं धरली तरी 5 तास, चालणं वेगळं. कराडच्या पेठेत हे होतं. कोयनाकाठच्या वाड्यांवर, जिथं दोन घरांमध्ये एक ओढा आणि एक चढ असतो, तिथं नाही. आकडा एकच ठेवला की डोंगरातली पथकं रोज नापास होतात, आणि रोज नापास होणाऱ्याला कामाची गोडी कशी राहणार?

8. भीती बाहेरूनही येते

केंद्राच्या आत सगळं नीट लावलं, तरी संध्याकाळी कर्मचारी घरी जातात. तिथं घरमालक दारात उभा. ‘मॅडम, थोडे दिवस दुसरीकडं बघा.’ हे इतक्या ठिकाणी घडलं की 22 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारनं 1897 च्या साथरोग कायद्यात वटहुकमानं बदल केला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर 3 महिने ते 5 वर्षं कैद, गंभीर इजा केली तर 6 महिने ते 7 वर्षं, आणि घरातून हुसकावणं हाही छळच मानला गेला.

तो मूळ कायदा आला प्लेगमुळं, आणि त्या प्लेगशी सातारा जिल्ह्याचं एक नातं आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः बाधित झाल्या आणि 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यानं शहराबाहेर मोकळ्या जागी दवाखाना थाटला होता. त्याच पुण्यात सरकारी पथकं घरं तपासायला शिरायची तेव्हा लोक रोगी लपवून ठेवायचे. ज्या दवाखान्याची दहशत वाटते तिथं माणूस उशिरा येतो, आणि उशिरा आलेला रोगी जास्त दिवस रोग वाटत फिरलेला असतो.

मे 2020 मध्ये मुंबई-पुण्याहून मंडळी शिरवळचा नाका ओलांडून गावी येऊ लागली, तेव्हा हाच पेच पुन्हा पडला. गावांनी वेशीवर काटे टाकले, आणि आलेली काही मंडळी गुपचूप राहिली. ज्या गावांत आशाताईंनी सरळ दारात जाऊन ‘या, शाळेत सोय केलीय, डबा घरून येईल’ असं म्हटलं, तिथं लपवाछपवी कमी झाली. वर्षानं, मे 2021 मध्ये, सातारा-सांगलीसह राज्यातल्या 18 जिल्ह्यांत घरातलं विलगीकरण बंद करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर बाधितांसाठीही शाळाशाळांतून विलगीकरण कक्ष उभे राहिले.

9. उत्साह कुठून आणायचा?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी 1980 च्या सुमारास सेवेची कामं करणाऱ्यांचा थकवा मोजायची पद्धत बसवली. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, अंगातलं त्राण संपणं. दोन, समोरचा माणूस माणूस न वाटता ‘केस’ वाटू लागणं. तीन, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तिन्हींना औषध वेगळं लागतं. पहिल्याला झोप आणि ठरलेली सुट्टी. ‘गरज पडली तर बोलवू’ अशी सुट्टी ही सुट्टी नसते, कारण कान फोनकडंच असतात. दुसऱ्याला कामाची अदलाबदल, आठ दिवस तापाच्या ओपीडीत काढलेल्या सिस्टरला दोन दिवस बाळांच्या लसीकरणावर बसवणं.

तिसरी गोष्ट फसवी असते. केंद्रातल्या माणसाला फक्त आलेले रुग्ण दिसतात. बरे झालेले परत दिसत नाहीत, घरी म्हशीच्या धारा काढत असतात. म्हणून मिरजेला किंवा साताऱ्याला पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढं काय झालं, याची एक वही ठेवावी आणि सकाळच्या दहा मिनिटांच्या बैठकीत ती वाचावी. ‘वरच्या आळीतल्या आजी काल सुटल्या.’ बस. वाईट बातमीही त्याच बैठकीत, त्याच आवाजात सांगायची. दडवली तर ती अफवा होऊन दुपारी परत येते. अफवांसाठीही हीच वेळ राखावी. दिवसभर फोनवर जे-जे आलं ते वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकदाच निकाली काढायचं, म्हणजे दिवसभर कुजबुज चालत नाही.

टाळ्या, पुष्पवृष्टी, ‘कोविड योद्धा’ची प्रमाणपत्रं यांना मी नावं ठेवणार नाही, ज्यांना मिळाली त्यांनी ती भिंतीवर लावली आहेत. पण जून 2021 मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा त्यांची मागणी प्रमाणपत्राची नव्हती. 15 जूनला सुरू झालेला संप 23 ला मिटला. 1 जुलैपासून महिन्याला 1,000 रुपये मानधनवाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता असं ठरलं. पुढच्या वर्षी, मे 2022 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान दिला. 500 रुपये आणि जिनिव्हाचा सन्मान, या दोन्हींत कुठलं जास्त मोलाचं होतं हे कुठल्याही आशाताईंना विचारा.

10. दोन संकटं एकदम

या भागाची एक अडचण राज्याच्या बऱ्याच भागाला नसते. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातले निर्बंध सैल झाले तेव्हा 11 जिल्ह्यांना त्यातून वगळलं होतं. सातारा आणि सांगली त्यात होते. त्याच्या आदल्याच पंधरवड्यात, जुलैच्या चौथ्या आठवड्यात, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या आणि कृष्णा-वारणेला महापूर आला. रोग ओसरलेला नाही आणि पूर आला, म्हणजे काय होतं? पूरग्रस्तांना न्यायचं शाळेत, आणि विलगीकरण कक्षही शाळेतच. दोघांना एका छपराखाली ठेवलं तर पुरातून वाचलेले तापानं आजारी पडणार.

यावर उपाय ऐन पुरात सुचत नाही, तो मे महिन्यात कागदावर उतरवावा लागतो. कुठली शाळा पुरासाठी, कुठली रोगासाठी. कुठल्या खोल्यांना समोरासमोर खिडक्या आहेत. दिवस भरत आलेल्या बायकांची यादी आणि त्यांना आधीच कुठल्या वरच्या गावी हलवायचं. लसींचं शीतकपाट 2 ते 8 अंशांवर ठेवावं लागतं, वीज गेली तर त्या कुठल्या केंद्रात न्यायच्या. सांगलीच्या आयर्विन पुलावर 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी आहे. मग लसी हलवायच्या त्या 40 ला, 45 ची वाट बघायची नाही, कारण तोवर रस्ता पाण्याखाली गेलेला असू शकतो. गाडी कुणाची, चावी कुणाकडं, चालक पुराच्या कुठल्या बाजूला राहतो, हेही त्याच कागदावर हवं. चालकाचं घर पलीकडच्या काठाला असेल, तर दुसरा चालक आजच शोधून ठेवायचा.